क्षिप्रेचं पाणी आणि चार चौकटी

सिंहस्थात उज्जैनच्या रामघाटावर लाखो भाविक क्षिप्रेत उतरतात. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू या नदीत किती, हे तपासायला उज्जैनच्या आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी 2014 ते 2016 या काळात पाण्याचे ऋतुवार नमुने घेण्याचं ठरवलं. 2016 हे सिंहस्थाचंच वर्ष. अशा कामात एक प्रश्न हमखास उभा राहतो. जिवाणूंच्या प्रतिरोधाचा ऋतूशी संबंध आहे, की दिसलेला फरक निव्वळ योगायोग आहे?

इथे काय-वर्ग चाचणी कामी येते. समजा (आकडे केवळ उदाहरणाचे), उन्हाळ्यात तपासलेल्या 100 ई. कोलाय जिवाणूंपैकी 60 प्रतिरोधक निघाले आणि पावसाळ्यात 100 पैकी 44. मिळून 104. ऋतूचा काहीच संबंध नसता, तर दोन्हीकडे 52 प्रतिरोधक आणि 48 साधे निघायला हवे होते. दोन ऋतू आणि दोन प्रकार मांडले की चार चौकटींचा तक्ता होतो. चारही चौकटींत तफावत 8, तिचा वर्ग 64. तो त्या त्या अपेक्षित संख्येनं भागून चारही उत्तरं मिळवली की येतं 5.13.

हे पुरेसं आहे का? कार्ल पिअर्सननं ही चाचणी 1900 साली मांडली. त्याच्या हिशेबात अशा तक्त्यातल्या तीन चौकटी मोकळ्या धरल्या जात. आजच्या पाच टक्क्यांच्या निकषानं त्याची मर्यादा 7.81; उत्तर तिच्या वर गेलं तरच संबंध मानायचा. रोनाल्ड फिशरनं 1922 मध्ये दाखवून दिलं, की आडव्या-उभ्या बेरजा पक्क्या झाल्या की एकच चौकट मोकळी उरते, बाकीच्या आपोआप भरतात. मर्यादा उतरली 3.84 वर. तक्ता तोच, पण निकाल फिरला! ऋतूचा संबंध नसताना एवढी किंवा याहून मोठी तफावत शंभरात जेमतेम दोन-तीनदा दिसेल.

चाचणीला टक्केवारी चालत नाही, प्रत्यक्ष मोजणीच लागते. दोन्ही ऋतूंत पन्नास-पन्नासच जिवाणू तपासून हेच प्रमाण आलं असतं, तर उत्तर 2.56, म्हणजे मर्यादेच्या आत.

आणि प्रत्येक मोजणी स्वतंत्र हवी. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच अट, आणि नेमकी तीच सहज मोडते. एकाच बाटलीतल्या पाण्यातून ताटलीवर वाढलेल्या दहा वसाहती एकाच वंशाच्या असू शकतात. त्या दहा वेगळ्या धरल्या, तर नवी माहिती न मिळताच 5.13 चा आकडा फुगतो. बाटलीमागे एकच वसाहत मोजावी, नाहीतर बाटलीचा हिशेब ठेवणारी दुसरी पद्धत वापरावी.