आपलं गाणं खेळात जातं तेव्हा

मैत्रिणींनो, मोबाईलवरचे गाण्याचे खेळ पोरं खेळतात ते तुम्ही पाहिलं असेल. पडद्यावर रंगीत ठिपके सरकत येतात, ठेका साधून बोट लावायचं. गाणी बहुतेक मोठ्या कंपन्यांची. पण २०१० साली अमेरिकेतल्या हार्मोनिक्स कंपनीने आपल्या 'रॉक बँड' खेळाचं दार छोट्या गायक-वादकांना उघडलं. आपलं गाणं आपणच तयार करा आणि खेळाच्या दुकानात विकायला ठेवा, अशी ती सोय होती. तिचं नाव रॉक बँड नेटवर्क.

काम मात्र किचकट. या खेळात गिटारवाल्याचं बोट चुकलं की तेवढा गिटारचा आवाज गप्प होतो, बाकीचं गाणं चालू राहतं. म्हणजे गिटार, ढोल, गळा सगळं वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं हवं. एकत्र झालेलं गाणं मागाहून वेगळं करणं म्हणजे आमटीतलं मीठ काढणं! मग गाण्याच्या मात्रा मोजायच्या, प्रत्येक सुराला ठिपका लावायचा, गाण्याचा शब्द अन् शब्द वेळेवर बसवायचा. तेही सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्यांवर. शेवटी दुसरे वादक ते खेळून तपासत, तेव्हा कुठे गाणं विक्रीला जाई. एवढं करून कलाकाराच्या हाती किती? विक्रीच्या रुपयामागे तीस पैसे. आम्हाला ते कमीच वाटतं. पण वाटा किती, हे आधी ठरलेलं होतं, आणि ते आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. नाशिक रोडच्या आसपासच्या गटांत जात्यावरच्या ओव्या आहेत, भोंडल्याची गाणी आहेत, बैठकीसाठी रचलेली नवी गाणी आहेत. कुणी रेकॉर्ड करायला आलं तर गळा आणि ढोलकी वेगळी घ्यायला सांगा. रेल्वेपासून लांब बसा, आणि देवळालीच्या तोफा थांबू द्या! कोणी रचलं, कोणी गायलं, गाव कोणतं, तारीख कोणती, हे वहीत लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं आणि गावाचं नाव नोंदवलं. म्हणून आज ती ओवी कोणाची, ते सांगता येतं.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ओवीचे शब्द कोणा एकीचे नसतात. पण तुम्ही रचलेलं नवं गाणं कायद्याने तुमचं असतं, नोंदणी केली नसली तरी. रचणारीचा हक्क वेगळा, गाणारीचा वेगळा, आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याचा आणखी वेगळा. रचणारीचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो, तोंडी 'हो' चालत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि कुठे वापरायचं ते लिहिलं नसेल तर फक्त भारतात. म्हणून 'कायमचं' आणि 'जगभर' असे शब्द कागदावर दिसले, तर सही करण्याआधी थांबा. त्याबद्दल काय देणार, ते विचारा. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत लिहून मागा, आणि गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या.