कॅमेरा घेताना दिवस मोजा

धाराशिव, तुळजापूर, भूम, परंडा येथील सराफी पेढ्यांत व आडत दुकानांत आता सीसीटीव्ही नित्याचे झाले आहेत. विक्रेता चित्राची स्पष्टता दाखवितो. व्यापाऱ्याने मात्र चित्रण किती दिवस टिकेल, हे सौद्यापूर्वी विचारावे. प्रत्येकी २ मेगाबिट प्रतिसेकंद गतीने चार कॅमेऱ्यांचे चित्रण रोज सुमारे ८६ जीबी होते. म्हणजे १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते व जुने चित्रण पुसले जाऊ लागते. मालातील तूट महिनाअखेरीच्या मोजदादीत कळणार असेल, तर पुरावा तोवर उरत नाही आणि संशय निर्दोष नोकरावर रेंगाळतो. म्हणून डिस्क मोठी घ्यावी, अथवा मोजदाद दर आठवड्यास करावी.