घासू नका, जरा थांबा!

मुलांनो, आमच्या चौथीच्या वर्गात एकदा एका मुलाने तांब्याचं जुनं नाणं आणलं. शिवराई! आजोळच्या पेटीत सापडलेली. ती काळपट-हिरवी दिसत होती, म्हणून पठ्ठ्याने आदल्या रात्री चिंच आणि राख घेऊन ती घासघासून घासली. नाणं लखलखत होतं. पण एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ ही अक्षरं जवळजवळ पुसून गेली होती. “बाई, कसं चमकतंय ना?” त्याने विचारलं. काय बोलावं, मला सुचेना.

म्हणूनच आज तुम्हांला अशा लोकांची ओळख करून देते, की जे मातीतून निघालेली वस्तू घासायची घाई कधीच करत नाहीत. पुरातत्त्वाच्या उत्खननात हे ‘धातू-संवर्धक’ असतात. संवर्धक म्हणजे जुन्या वस्तूंचे डॉक्टरच म्हणा ना!

आता बघा, आपल्या सानपाड्यात खिडक्यांचे गज किती लवकर गंजतात! खाडीवरची खारट, दमट हवा हे त्याचं एक कारण. जमिनीतही पाणी आणि क्षार असतात. हजारो वर्षं त्यांच्या संगतीत राहून तांब्यावर हिरवी पुटं चढतात, तर लोखंड फुगून त्याचा ओबडधोबड गोळा होतो. तरीही मातीच्या कुशीत वस्तू बऱ्यापैकी टिकून असते. खरी पंचाईत होते ती बाहेर काढल्यावर. ताजी हवा आणि ओल मिळाली की आत लपलेले क्षार जागे होतात. तांब्या-ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसू लागते आणि वस्तू पोखरली जाते. याला ‘ब्राँझचा रोग’ असंच म्हणतात, बरं का!

मग खड्ड्यात हिरवा डाग दिसला, की संवर्धक काय करतो? तो वस्तू ओढून काढत नाही. आधी फोटो, चित्र आणि खोलीची नोंद. वस्तू फार नाजूक असेल, तर भोवतालच्या मातीसकट पट्ट्या गुंडाळून, वर प्लास्टर ऑफ पॅरिस लावून ती उचलायची. मोडलेल्या हाताला प्लास्टर घालतात ना, तस्सं! नंतर ती हवाबंद डब्यात ठेवायची. नव्या बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नका’ लिहिलेली पुडी असते ना? त्यातलं सिलिका जेल डब्यातली ओल शोषून घेतं. वस्तूला लाकूड किंवा कापड चिकटलेलं असेल, तर मात्र सुकवायचीही घाई नाही.

प्रयोगशाळेत गंजलेल्या गोळ्याचा एक्स-रे काढतात. आत कधी खिळा दिसतो, कधी सुरीचं पातं! मग भिंगाखाली, बांबूच्या काडीने किंवा बारीक चाकूने एकेक कण काढायचा. एका वस्तूला कित्येक दिवस लागतात. गंजात कापडाच्या विणीचा ठसा असेल, तर तो तसाच ठेवायचा. चार हजार वर्षांपूर्वीचं कापड सापडणं मुश्कील, पण त्याचा ठसा सापडू शकतो!

आणि मातीला का जपायचं? अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद नावाचं गाव आहे. १९७४ साली तिथे झाडाची मुळं खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझची चार शिल्पं मिळाली : बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचं मिळून वजन ६० किलोंहून जास्त! शिल्पं वाचली, ही केवढी भाग्याची गोष्ट. पण ती मातीच्या नेमक्या कोणत्या थरात होती, याची नोंद झाली नव्हती. त्यामुळे त्यांच्या वयाबद्दल अभ्यासकांत मतभेद राहिले.

तुम्हांला हे काम आवडेल? मग रसायनशास्त्र आणि इतिहास, दोन्हींशी गट्टी करा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकता येतं. लखनौला तर संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळाच आहे.

आणि पालकहो, शेतात किंवा पाया खणताना काही जुनं सापडलं, तर ते न घासता, न हलवता तहसील कार्यालयात कळवा. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या जुन्या ठेव्याची माहिती सरकारला द्यावी लागते.

आमच्या त्या मुलाने शिवराई आता कागदात गुंडाळून कोरड्या डबीत ठेवली आहे. परवा त्याने आणखी एक नाणं आणलं, हिरवंगार! म्हणाला, “बाई, हे घासलं नाही हं.” या वेळी काय बोलावं, ते मला लगेच सुचलं : “शाब्बास!”