शतावरी

शतावरी : (हिं. सतावर, गु. शतावरी, सं. शतावरी, शतमूली, बहुसुता, अभीरू, लॅ. ॲस्परॅगस रॅसिमोसस, कुल–ॲस्परॅगेसी). स्त्रियांच्या, विशेषतः बाळंतिणीच्या, औषधांत अग्रगण्य मानली गेलेली ही काटेरी, बहुवर्षायू वेल आहे. पूर्वी तिचा समावेश लिलिएसी कुलात करीत. भारत, श्रीलंका, आफ्रिका व उत्तर ऑस्ट्रेलिया येथील उष्ण भागांत तिचा प्रसार आहे. महाराष्ट्रात सह्याद्रीप्रमाणेच पूर्व विदर्भातील पानझडी जंगलांतही ती वाढते. गोंदिया जिल्ह्यातील चिचगड (ता. देवरी) परिसरासारख्या ऐन, धावडा, तेंदू, मोह व बांबू यांच्या रानांत ती झुडपांच्या आधाराने वर चढते.

हिची खरी पाने खवल्यांसारखी किंवा काट्यांच्या रूपात असतात. त्यांचे काम १–२·५ सेंमी. लांब, सुईसारख्या व झुबक्यांनी येणाऱ्या हिरव्या फांद्या (पर्णकांडे) करतात. फुले लहान, पांढरी व सुवासिक असून मंजरीवर येतात. मृदुफळे गोल व पिकल्यावर लाल होतात. खोडाच्या तळाशी मांसल, दोन्ही टोकांस निमुळत्या मुळांचा मोठा झुबका असतो; ‘शतमूली’ हे नाव त्यावरूनच पडले. औषधात हीच मुळे वापरतात.

सुश्रुतसंहितेत शतावरीचा समावेश विदारिगंधादी गणात केला आहे. आयुर्वेदानुसार ती मधुर, शीत, बल्य व स्तन्यजनक (दूध वाढविणारी) आहे. अंगावर पांढरे जाणे, पाळीत फार रक्तस्राव होणे, अशक्तता व बाळंतिणीस दूध कमी येणे यांवर ती देतात. मुळे धुऊन व सोलून, आतील चिवट दोरा काढून वाळवितात आणि त्यांचे चूर्ण दुधातून देतात. शतावरी घृत, शतावरी कल्प व फलघृत ही तिच्यापासून बनविलेली परिचित औषधे होत.

मुळांत स्टेरॉइडी सॅपोनिने (शतावरिने) असतात. तिच्या स्तन्यजनक गुणाविषयी झालेल्या परीक्षणांचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत ती घेणाऱ्या व न घेणाऱ्या मातांत फरक आढळला नाही. २०११ मधील ६० मातांच्या चाचणीत रक्तातील प्रोलॅक्टिन हे दूधनिर्मितीस चालना देणारे हॉर्मोन वाढल्याचे दिसले. बाळाला वारंवार व योग्य रीतीने अंगावर पाजणे हाच दूध वाढविण्याचा मुख्य उपाय होय. पांढरे जाण्यामागे जंतुसंसर्ग किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोगही असू शकतो. पूर्व विदर्भातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. त्याने आलेला थकवा चूर्णाने हटत नाही. म्हणून अशी लक्षणे टिकून राहिल्यास तपासणी आधी व औषध नंतर, हा क्रम पाळावा. गरोदरपणी शतावरी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये.

पान, फूल वा फळ तोडल्याने वेल मरत नाही. संपूर्ण झुबका खणून काढल्यास मात्र ती नाहीशी होते. बाजारातील मागणीमुळे अनेक भागांत जंगली शतावरी विरळ झाली आहे. फळे पिकून बी पडल्यावरच खणणे, बुंध्याशी काही मुळे व कोंब राखून माती परत लोटणे, एकाच जागी वर्षानुवर्षे न खणणे, ही पथ्ये आवश्यक आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील पारंपरिक हक्क मान्य केले असून ग्रामसभेस वनसंपत्तीच्या वापराचे नियमन करता येते. बियांपासून लागवडही करता येते. रोपे पावसाळ्यात लावून सुमारे दीड ते दोन वर्षांनी मुळे काढतात. पिढ्यान्‌पिढ्या बाळंतिणीच्या कामी आलेली ही वेल पुढील पिढ्यांसाठी रानात टिकावयाची असेल, तर मागणीचा मोठा भाग लागवडीतूनच भागविला पाहिजे.