इंग्रजी शब्दसंपदा

इंग्रजी शब्दसंपदा म्हणजे एखाद्या व्यक्तीला वाचताना समजणाऱ्या आणि लिहिता-बोलताना वापरता येणाऱ्या इंग्रजी शब्दांचा संच. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तथापि, दहावीपर्यंत सर्व विषय मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याला अकरावीच्या विज्ञान शाखेत परिचित संकल्पना अपरिचित इंग्रजी नावांनी भेटतात. त्यामुळे प्रगत शब्दसंपदेवर त्याचे पुढील शिक्षण बऱ्याच अंशी अवलंबून असते.

व्याप्ती

मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे मिळून एक ‘शब्दकुल’ मानले जाते. मायकल वेस्ट यांच्या १९५३ च्या यादीत नित्य वापरातील सुमारे २,००० शब्द आहेत. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या यादीत शैक्षणिक लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुले आहेत. पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार, लिखित इंग्रजी विनासाहाय्य समजण्यास ८,००० ते ९,००० शब्दकुले लागतात.

शब्दांची घडण

इंग्रजीतील बहुतेक शास्त्रीय संज्ञा ग्रीक व लॅटिन घटकांपासून, तर मराठीतील संज्ञा प्रामुख्याने संस्कृत घटकांपासून घडल्या आहेत. अनेकदा दोहोंची रचना समांतर असते. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण. म्हणून ‘फोटोसिंथेसिस’ म्हणजे प्रकाशसंश्लेषण. ‘मायक्रो’ (सूक्ष्म), ‘बायो’ (जीव) आणि ‘लॉजी’ (शास्त्र) हे घटक माहीत असल्यास ‘मायक्रोबायॉलॉजी’ म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र, हे कोशाविना उलगडते. मराठी परिभाषेचे ज्ञान येथे अडथळा न ठरता आधार ठरते.

मर्यादा

ही पद्धत सर्वत्र लागू पडत नाही. ‘ऑक्सिजन’ या नावाचा व्युत्पत्त्यर्थ ‘आम्लजनक’ असा आहे. मराठीतील ‘प्राणवायू’ हे नाव मात्र त्याच्या कार्यावरून पडले आहे. शब्दांच्या रूढ जोड्याही भाषेगणिक बदलतात. विद्यार्थी मराठीत परीक्षा ‘देतो’, तर इंग्रजीत त्यासाठी ‘घेणे’ या अर्थाचे ‘टेक’ हे क्रियापद योजतात. म्हणून नवा शब्द वाक्यासह नोंदवून काही दिवसांच्या अंतराने आठवून पाहणे उपयुक्त ठरते.

कोशपरंपरा

जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली, तर थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेने मराठी भाषकांच्या अनेक पिढ्यांना वाक्यांच्या भाषांतरातून इंग्रजी शिकवले.