ठाणे खाडी : तिवरे, पाणी आणि मासळी

कोळंबी व अनेक माशांची पिल्ले खाडीत तिवरांच्या आश्रयाने वाढतात. ठाणे खाडीत मात्र शहरांचे सांडपाणी व कारखान्यांचे दूषित पाणी मिसळू लागले. सांडपाणी कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो. परिणामी कोळी बांधवांची मासळी रोडावली. राज्य शासनाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. २०१५ मध्ये येथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत खाडीचा समावेश झाला. तथापि केवळ रोपे लावून भागत नाही. भरती अडविणारा राडारोडा हटविणे, चिखलातून वर येणाऱ्या श्वसनमुळांवरील प्लास्टिक काढणे आणि सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे अगत्याचे आहे. तिवरे जगली व पाणी निर्मळ झाले, तरच मासळी परतेल.