कोर्ता की कोर्ते?

सकाळी 9. माद्रिदच्या लावापिएस भागातल्या एका लहानशा खाणावळीत मी मदतनीस आहे. एप्रनची गाठ बसायच्या आत मुख्य स्वयंपाकीणबाईंचा आवाज येतो: "आब्रे ला बेन्ताना!" खिडकी उघड. "लावा ला लेचुगा!" लेट्यूस धू. इथल्या स्वयंपाकघरात हुकुमाला उत्तर एकच: "ओईदो!" ऐकलं.

10. बटाट्याची तोर्तिया. बटाटे, कांदा, अंडी, मीठ, ऑलिव्हचं तेल; बाकी काही नाही. बाई एकेक शब्द टाकतात आणि हात चालतात. पेला: सोल. कोर्ता: काप. बाते: फेट. मूळ क्रियापदं पेलार, कोर्तार, बातीर. 'तू'ला सांगताना शेवटचा 'र' गळतो. 'आर'वाल्यांचा 'आ' तसाच राहतो, 'एर' आणि 'ईर'वाल्यांच्या शेवटी 'ए' येतो. 'तो कापतो' म्हणायलाही 'कोर्ता'च, पण सुरी हातात असताना कुणाचा गोंधळ होत नाही. बटाटे मंद तेलात मऊ होईपर्यंत शिजतात, निथळतात, मग फेटलेल्या अंड्यात जातात.

12. "पासामे ला सार्तेन!" मला तो तवा दे. आपण 'मला' आधी म्हणतो. स्पॅनिशमध्ये हुकुमात 'मे' क्रियापदाच्या शेपटीला चिकटतो. जोर मात्र मूळच्याच 'पा'वर राहतो, म्हणून लिहिताना त्या अक्षरावर आघातचिन्ह द्यावं लागतं.

दुपारी दीड. टेबलं भरलेली. दारात पंचाहत्तरीचे एक आजोबा उभे. मी अदबीनं म्हणाले, "एस्पेरा, पोर फाबोर." माझ्या मागून वाढणारी मैत्रीण घाईनं पुढे आली: "एस्पेरे, सेन्योर." आजोबा काही बोलले नाहीत, पण मला दिवसभर ते लागून राहिलं. अनोळखी वडीलधाऱ्या माणसाला मी 'थांब' म्हटलं होतं.

चूक कुठे झाली ते भांडी विसळताना उमगलं. चूक कानाची होती. मराठीत 'थांब'चं 'थांबा' झालं की मान आला. शेवटचा 'आ' म्हणजे आदर, हे आपल्याला घरातच शिकवलेलं. म्हणून 'एस्पेरा' मला आपोआप आदराचं वाटलं. स्पॅनिशमध्ये 'आर'वाल्यांचं नेमकं उलट आहे. कोर्ता म्हणजे काप, कोर्ते म्हणजे कापा. 'एर-ईर'वाल्यांचं मात्र आपल्यासारखंच: कोमे म्हणजे खा, कोमा म्हणजे आपण खा, आब्रे म्हणजे उघड, आब्रा म्हणजे उघडा. आदर दाखवायचा तर स्वरांची अदलाबदल, 'आ'चा 'ए' आणि 'ए'चा 'आ'. सगळा मान त्या एका स्वरात असतो, म्हणून तो चुकलेला मला चालणार नाही.

4. गिऱ्हाईक पांगलं. बाई आम्हा दोघींना: "लिम्पियाद! बार्रेद!" पुसा, झाडा. लिम्पियार, बार्रेर यांतल्या 'र'च्या जागी 'द' ठेवला की झालं. सगळ्या नमुन्यांत मला हा सर्वांत सोपा वाटतो. माझी जोडीदारीण इक्वेडोरची. तिच्या घरी आई लेकरांनाही "लिम्पियेन, बार्रान" म्हणते, कारण लॅटिन अमेरिकेत हे 'द'चं रूप बोलण्यात नाही. तिकडे अनेकांना सांगायचं तर आदराच्याच रूपाला 'न' जोडतात, मग समोर साहेब असोत की पोरं.

साडेपाच. मेट्रोची तीन नंबरची पिवळी लाइन. दारावर लिहिलंय: 'आन्तेस दे एन्त्रार, देखेन सालिर.' आत शिरण्याआधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. मूळ देखार, 'आर'वालं, म्हणून 'ए'. अनेकांना आदरानं उद्देशून, म्हणून 'न'.

मराठी कान घेऊन स्पॅनिश शिकायला बसणाऱ्यांनी तक्ता पाठ करण्याआधी वहीत दोन रकाने आखावेत, एकात 'आर', दुसऱ्यात 'एर-ईर'. आणि पहिल्या रकान्यातल्या 'आ'वर विश्वास ठेवू नये.